पावणेचार टक्क्यांची पाच वर्षे : बदलत्या दराच्या एका गृहकर्जाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील मिडलसेक्स काउंटीत राहणाऱ्या एका मराठी दांपत्याचे आहे. ओळख पटू नये म्हणून दोघांची नावे, नोकऱ्यांचा तपशील आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव वगळले आहे, आणि रकमाही थोड्या सोप्या केल्या आहेत. व्याजदर, तारखा आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण प्रकरणाचा सारा अर्थ त्या क्रमातच आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यात दोघांनी ५ लाख डॉलरचे घर घेतले. १ लाख डॉलर स्वतःजवळचे घातले आणि ४ लाख डॉलरचे तीस वर्षांचे कर्ज काढले. त्या वेळी तीस वर्षांच्या स्थिर दराच्या कर्जाला साधारण साडेचार टक्क्यांच्या थोडा वर दर पडत होता, त्यांना ४.६२५ टक्के सांगितला गेला होता. त्याच संस्थेने दुसरा प्रस्ताव दिला तो ‘फाइव्ह-वन आर्म’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्जाचा. त्यात पहिली पाच वर्षे ३.७५ टक्के दर राहणार होता आणि त्यानंतर तो दरवर्षी एकदा बदलणार होता. हा बदल एक वर्ष मुदतीच्या अमेरिकी ट्रेझरी रोख्यांच्या निर्देशांकात २.७५ टक्के मार्जिन, म्हणजे करारात ठरलेली कायमची भर, मिळवून ठरणार होता. पहिल्या बदलाला २ टक्के, पुढील प्रत्येक बदलाला २ टक्के आणि संपूर्ण मुदतीत ५ टक्के, अशा वाढीवर मर्यादा होत्या.

स्थिर दराच्या कर्जाचा हप्ता २,०५७ डॉलर आणि बदलत्या दराच्या कर्जाचा पहिला हप्ता १,८५२ डॉलर होता. मालमत्ता कर आणि घराचा विमा यांसाठी दरमहा वेगळी कापली जाणारी रक्कम या आकड्यांत धरलेली नाही. न्यू जर्सीत ती मोठी असते आणि तीही वाढत जाते, त्यामुळे बँकेतून महिन्याला वळती होणारी एकूण रक्कम पाहून व्याजाचा भाग किती बदलला हे चटकन लक्षात येत नाही. पुढे या दांपत्याचाही काही काळ असाच गोंधळ झाला.

पाच वर्षांत पुण्याला परतायचे किंवा मुलांच्या शाळेसाठी दुसऱ्या गावात मोठे घर घ्यायचे, असा त्यांचा बेत होता. तो बेत पार पडला असता तर बदलत्या दराचे कर्ज घेणे योग्यच ठरले असते. पाच वर्षांत हप्त्यांमध्ये सुमारे १२ हजार डॉलर वाचले असते आणि उरलेले मुद्दलही स्थिर दराच्या तुलनेत सुमारे ५ हजार डॉलरने कमी राहिले असते. म्हणून हे कर्ज मुळात वाईट होते असे मानून प्रकरण वाचू नये.

पहिला दर कसा सांगितला गेला

संस्थेचा अधिकारी मराठीच होता आणि गणेशोत्सव मंडळातल्या एका मित्राने त्याचे नाव सुचवले होते. फोनवर त्याने सांगितले, “दादा, पहिली पाच वर्षं पावणेचार टक्के फिक्स. पुढचं पुढे बघू, तोवर रिफायनान्स होतंच.” या दोन वाक्यांतला पहिला भाग खरा होता. दुसरा भाग, म्हणजे नवे कर्ज काढून जुने फेडता येईलच हा, अंदाज होता, पण तो वस्तुस्थितीसारखा सांगितला गेला.

अमेरिकेत १९६८ च्या ‘ट्रुथ इन लेंडिंग’ कायद्याखाली रेग्युलेशन झेड ही नियमावली आहे. तिच्यानुसार गृहकर्जाच्या खर्चाबद्दल ग्राहकाने तोंडी विचारणा केली, तर उत्तरात एपीआर, म्हणजे खर्चासह काढलेला वार्षिक दर, सांगावा लागतो. साधा व्याजदर त्याच्या जोडीने सांगता येतो, एकटा सांगता येत नाही. जाहिरातींनाही असेच बंधन आहे. मुदतीत एकाहून अधिक दर लागणार असतील, तर प्रत्येक दर, त्याचा कालावधी आणि एपीआर सारख्याच ठळकपणे आणि जवळजवळ दाखवावे लागतात. दांपत्याच्या आठवणीप्रमाणे फोनवरच्या बोलण्यात एपीआर हा शब्द एकदाही आला नाही. बोलण्याची नोंद नसल्यामुळे हे सिद्ध करता येत नाही, आणि अशा नियमाची दुर्बलताही नेमकी येथेच आहे.

या कर्जात पहिला दर सवलतीचा होता. जून २०१८ मध्ये निर्देशांक साधारण २.३३ टक्के होता. त्यात २.७५ मिळवले आणि करारातील नियमाप्रमाणे जवळच्या अष्टमांश टक्क्याला (०.१२५ च्या पटीला) आणले, तर दर ५.१२५ टक्के येतो. याला पुढे पूर्ण दर म्हटले आहे. निर्देशांक जराही वाढला नसता, तरी सहाव्या वर्षी हप्ता १,८५२ वरून सुमारे २,१३३ डॉलरवर गेला असता. सवलतीच्या दराच्या कर्जाचा एपीआर काढताना पहिली पाच वर्षे सवलतीचा दर आणि उरलेली पंचवीस वर्षे त्या दिवशीचा पूर्ण दर धरावा लागतो. त्यामुळे त्यांच्या कागदावर एपीआर ४.७ टक्क्यांच्या आसपास छापला होता. स्थिर दराच्या कर्जाचा एपीआरही जवळपास तेवढाच होता. घर तीस वर्षे ठेवायचे असेल तर हे कर्ज स्वस्त नाही, ही गोष्ट या एका तुलनेत दिसत होती, पण ती तुलना कोणी केली नाही.

कागदावर काय होते

३ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत अर्जानंतर तीन कामकाजी दिवसांच्या आत ‘लोन एस्टिमेट’ हा तीन पानी कागद द्यावा लागतो. या दांपत्याला तो वेळेत मिळाला होता आणि तो बरोबर भरलेला होता. मी तो दोनदा तपासला. त्यात लपवाछपवी नाही.

पहिल्याच पानावर व्याजदराच्या ओळीत ३.७५ टक्के आणि त्याच ओळीत, कर्ज घेतल्यावर ही रक्कम वाढू शकते का, या प्रश्नापुढे ठळक अक्षरांत ‘होय’ असे होते. सहाव्या वर्षापासून दर दरवर्षी बदलेल आणि आठव्या वर्षी तो ८.७५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकेल, असेही तेथेच लिहिले होते. खाली हप्त्यांचा तक्ता होता : पहिली पाच वर्षे १,८५२ डॉलर, सहावे वर्ष १,६६२ ते २,२६७, सातवे वर्ष १,६६२ ते २,७०८, आठव्यापासून तिसाव्यापर्यंत १,६६२ ते २,९३५. पुढे २०२३ आणि २०२४ मध्ये जे हप्ते समोर उभे राहिले, ते दोन आकडे पाच-सहा वर्षे आधीच या तक्त्यात उजव्या बाजूला छापलेले होते.

मात्र या नमुन्यात एक उणीव आहे आणि तिच्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. दुसऱ्या पानाच्या तळाशी असलेल्या बदलत्या दराच्या तक्त्यात निर्देशांकाचे नाव, मार्जिन, पहिला दर, किमान-कमाल दर, बदलाचा काळ आणि मर्यादा हे सारे असते. त्या दिवशी निर्देशांक किती आहे हे मात्र नसते. त्यामुळे पूर्ण दर हा आकडा कागदावर कोठेच थेट दिसत नाही. एका टोकाला आकर्षक पहिला दर आणि दुसऱ्या टोकाला भीतीदायक कमाल दर दिसतो. माणूस कमाल दराला ‘असे काही होत नाही’ म्हणून बाजूला ठेवतो, आणि मधला सर्वांत संभाव्य आकडा नजरेसमोर नसल्यामुळे पहिला दर मनात पक्का बसतो. एपीआरमध्ये तो आकडा मिसळलेला असतो खरा, पण एपीआर तिसऱ्या पानावर असतो.

पहिला निर्णयबिंदू : जानेवारी २०२१

७ जानेवारी २०२१ रोजी संपलेल्या आठवड्यात तीस वर्षांच्या स्थिर दराची अमेरिकेतील सरासरी २.६५ टक्के, म्हणजे आजवरची सर्वांत कमी होती. दांपत्याचे मुद्दल तेव्हा सुमारे ३ लाख ८१ हजार डॉलर उरले होते. २.८७५ टक्क्यांनी पुन्हा तीस वर्षांचे कर्ज घेतले असते तर हप्ता १,५८१ डॉलर झाला असता आणि साडेचार हजार डॉलरचा खर्च दीड वर्षाच्या आत भरून निघाला असता.

त्यांनी ते केले नाही, आणि कारणे दोन होती. पतीने २०२० च्या शेवटी पगारी नोकरी सोडून कंत्राटी काम धरले होते. अशा उत्पन्नाचा दोन वर्षांचा इतिहास बहुतेक संस्था मागतात, आणि ज्या एका संस्थेला विचारले तिने तेच सांगितले. केवळ पत्नीच्या पगारावर अर्ज बसतो का, हे दुसऱ्या कोणाला विचारले गेले नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. “पावणेचार काय वाईट आहेत? पाऊण-एक टक्क्यासाठी एवढी कागदपत्रं कशाला?” असे घरात ठरले. तुलना २.८७५ आणि ३.७५ यांची झाली. वास्तविक ३.७५ चा दर त्यानंतर अडीच वर्षेच टिकणार होता, आणि तुलना व्हायला हवी होती ती त्यापुढची पंचवीस वर्षे अनिश्चित असलेल्या दराशी. त्या वेळी निर्देशांक जवळपास शून्यावर होता, त्यामुळे पूर्ण दरही तात्पुरता तीन टक्क्यांखाली गेला होता. म्हणून धोका दिसणे आणखी कठीण झाले, हेही मान्य करायला हवे.

समस्या : डिसेंबर २०२२ ची सूचना

२००८ च्या घरबांधणी संकटानंतर झालेल्या डॉड-फ्रँक कायद्यामुळे १० जानेवारी २०१४ पासून एक वेगळी सूचना बंधनकारक झाली आहे. पहिल्यांदा दर बदलून येणारा हप्ता ज्या दिवशी देय असेल, त्याच्या २१० ते २४० दिवस आधी कर्ज सांभाळणाऱ्या संस्थेने ही सूचना स्वतंत्र कागद म्हणून पाठवायची असते. या दांपत्याचा बदललेला पहिला हप्ता १ ऑगस्ट २०२३ ला देय होता, म्हणून सूचना डिसेंबर २०२२ मध्ये आली.

कर्ज दरम्यान दुसऱ्या संस्थेकडे गेले होते. अनोळखी नावाचा लिफाफा आल्यावर पत्नीने तो रिफायनान्सच्या जाहिराती जेथे साठत, त्या गठ्ठ्यात ठेवला. घराची मालकी नोंदली गेली की सरकारी वाटावीत अशी पाकिटे वर्षानुवर्षे येत राहतात, त्यामुळे हे अगदी स्वाभाविक होते. लिफाफा उघडला गेला तो नाताळच्या सुटीत आवराआवर करताना.

सूचनेतील तक्ता साधा होता : सध्याचा दर ३.७५ टक्के, नवा दर ५.७५ टक्के, सध्याचा हप्ता १,८५२ डॉलर, नवा हप्ता २,२६७ डॉलर. नवा दर हा अंदाज आहे, असेही त्यावर लिहिले होते. महिन्याला ४१५ डॉलरची वाढ पाहून दोघे हादरले, पण खरी बातमी तक्त्याखालच्या परिच्छेदात होती. निर्देशांक तेव्हा ४.७ टक्क्यांच्या आसपास होता. मार्जिन मिळवल्यावर पूर्ण दर सुमारे साडेसात टक्के येत होता. ५.७५ हा आकडा केवळ पहिल्या बदलावरच्या २ टक्क्यांच्या मर्यादेमुळे आला होता. व्याजदर खाली आले नाहीत तर जुलै २०२४ मध्ये आणखी सुमारे पावणेदोन टक्के वाढ ठरलेली होती. २०१८ मध्ये ३.७५ ने जे केले होते, तेच या सूचनेत ५.७५ करू पाहत होता, म्हणजे तात्पुरत्या आकड्याला कायमच्या आकड्याची जागा देत होता.

तोलून पाहिलेले पर्याय

अमेरिकेच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याने मान्यता दिलेल्या समुपदेशन संस्थांचा संपर्क त्या सूचनेत द्यावाच लागतो. दांपत्याने तो वापरला, आणि या प्रकरणातील ही पहिली नि:संशय चांगली कृती होती. समुपदेशक बाईंनी पहिल्याच बैठकीत कागदावर तीन स्तंभ आखले : मर्यादेमुळे मिळणारा दर, पूर्ण दर आणि कमाल दर. त्यानंतरची सर्व चर्चा या तीन स्तंभांवर झाली.

स्थिर दराचे नवे कर्ज तेव्हा ६.३७५ टक्क्यांना मिळत होते. त्याचा हप्ता सुमारे २,२४८ डॉलर, म्हणजे वाढीव हप्त्याएवढाच होता. पण मुदत पुन्हा तीस वर्षांची होणार होती आणि सहा हजारांच्या घरात खर्च येणार होता. घर विकण्याचा विचार फार वेळ चालला नाही, कारण परतीचा बेत मागे पडला होता आणि मुले शाळेत रुळली होती. काहीही न करता दर खाली येण्याची वाट पाहणे हा पर्याय पतीला आवडत होता. ५.७५ हा तेव्हाच्या बाजारदरापेक्षा कमी होता, त्यामुळे पहिल्या वर्षापुरता तो तर्क चुकीचाही नव्हता.

चौथा पर्याय त्यांना माहीतच नव्हता. कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नव्हता, आणि बदलत्या दराच्या कर्जात प्रत्येक बदलाच्या तारखेला उरलेल्या मुद्दलावर उरलेल्या मुदतीसाठी हप्ता नव्याने काढला जातो. स्थिर दराच्या कर्जात मुद्दल आगाऊ भरले तर सहसा मुदत कमी होते, हप्ता तोच राहतो. हप्ता कमी करून घ्यायचा तर वेगळी विनंती करावी लागते. येथे मात्र बदलाच्या तारखेपूर्वी भरलेला प्रत्येक डॉलर आपोआप हप्ता खाली आणणार होता. पुण्यात फ्लॅट घेण्यासाठी बाजूला ठेवलेले सुमारे ९० हजार डॉलर त्यांच्याकडे होते.

समुपदेशक बाईंनी एक अट आग्रहाने मांडली. दोघांचेही अमेरिकेतील वास्तव्य नोकरीवरच्या व्हिसावर अवलंबून होते, त्यामुळे आठ महिन्यांच्या खर्चाएवढी रोकड हातात राहिलीच पाहिजे. भिंतीत अडकलेला पैसा नोकरी गेल्यावर लगेच बाहेर काढता येत नाही, हे त्यांचे म्हणणे पतीला सुरुवातीला अतिसावध वाटले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा सल्ला होता.

केलेली कृती

दोघांनी जून २०२३ मध्ये मुद्दलात ६० हजार डॉलर भरले. मे अखेरीस दुसरी, निश्चित दराची सूचना आली होती. नियमाप्रमाणे ती बदललेल्या हप्त्याच्या ६० ते १२० दिवस आधी येते. दर अपेक्षेप्रमाणे ५.७५ टक्केच होता, पण मुद्दल ३ लाख ६० हजारांऐवजी ३ लाखांवर आल्यामुळे ऑगस्टचा हप्ता १,८८९ डॉलर आला, म्हणजे जुन्या हप्त्यापेक्षा फक्त ३७ डॉलर जास्त. भरणा करताना ती रक्कम पुढच्या हप्त्यांसाठी नसून मुद्दलासाठी आहे, हे त्यांनी लेखी कळवले आणि बदलाच्या तारखेपूर्वी शिल्लक तपासून घेतली.

जुलै २०२४ च्या बदलासाठी धरलेला निर्देशांक ५ टक्क्यांच्या वर होता, त्यामुळे दर मर्यादेपर्यंत, म्हणजे ७.७५ टक्क्यांवर गेला. तत्पूर्वी आणखी २० हजार डॉलर भरल्याने हप्ता २,१०४ डॉलर झाला. काहीच भरले नसते तर तो २,७०८ झाला असता.

दुसरा निर्णयबिंदू : सप्टेंबर २०२४

१८ सप्टेंबर २०२४ रोजी फेडरल रिझर्व्ह (फेड) या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने आपला दर अर्ध्या टक्क्याने कमी केला. महिन्याच्या अखेरीस स्थिर दराची सरासरी ६.०८ टक्क्यांपर्यंत आली आणि दांपत्याला ६.२५ टक्क्यांचा प्रस्ताव मिळाला. २ लाख ७४ हजारांच्या मुद्दलावर दीड टक्का कमी म्हणजे वर्षाला सुमारे ४ हजार डॉलर व्याज वाचणार होते, आणि खर्च ५ हजारांच्या थोडा वर होता. कपात आता सुरूच झाली आहे, तेव्हा आणखी थांबावे, असे त्यांनी ठरवले.

गृहकर्जांचे स्थिर दर फेडच्या अल्पमुदतीच्या दरापेक्षा दीर्घमुदतीच्या सरकारी रोख्यांच्या परताव्याकडे पाहून ठरतात. फेडची पुढची कपात होत असतानाच ते परतावे चढत गेले आणि जानेवारी २०२५ च्या मध्यास स्थिर दराची सरासरी ७ टक्क्यांच्या वर पोहोचली. संधी काही आठवड्यांचीच होती.

निष्पत्ती

जुलै २०२५ च्या बदलात निर्देशांक ४.१ टक्क्यांच्या आसपास असल्याने दर प्रथमच खाली आला : ६.८७५ टक्के, हप्ता १,९५५ डॉलर. घर राहिले, एकही हप्ता चुकला नाही, आठ महिन्यांची रोकडही शाबूत राहिली. ८० हजार डॉलर मुद्दलात गेले आणि पुण्याच्या फ्लॅटचा बेत पुढे ढकलला गेला. त्या पैशाला २०२३ मध्ये मनी मार्केट फंडात सुमारे ५ टक्के मिळाले असते आणि त्यावर कर लागला असता, त्यामुळे ५.७५ आणि पुढे ७.७५ टक्क्यांचे कर्ज फेडणे हिशेबाने योग्यच होते. तरीही २०२१ मध्ये २.८७५ टक्क्यांना कर्ज बदलले असते, तर हे पैसे हलवण्याची वेळच आली नसती.

वेगळे काय करता आले असते

संस्थेने कायद्याचा कागद अचूक दिला, पण निर्णय फोनवर झाला होता. अधिकाऱ्याने पहिल्या दरासोबत एपीआर आणि त्या दिवशीचा पूर्ण दर सांगितला असता, तरी या दांपत्याने कदाचित हेच कर्ज घेतले असते. फक्त ते ‘पाच वर्षांपुरते स्वस्त’ म्हणून घेतले असते आणि २०२१ मध्ये तसेच वागले असते. नमुन्यातील बदलत्या दराच्या तक्त्यात ‘आजचा निर्देशांक अधिक मार्जिन’ अशी एक ओळ घातली, तर अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणावर विसंबून राहावे लागणार नाही. नियम करणाऱ्यांनी ही एक ओळ घालावी असे मला मनापासून वाटते.

दांपत्याच्या बाजूने पाहिले तर जानेवारी २०२१ हा महिना सर्वांत महाग पडला. दुसऱ्या एका संस्थेला केवळ पत्नीच्या उत्पन्नावर अर्ज करून पाहणे, एवढेच तेव्हा राहून गेले. सप्टेंबर २०२४ मध्येही, खर्च किती महिन्यांत भरून निघतो हा प्रश्न समोर असताना, दर आणखी किती उतरतील हा प्रश्न विचारला गेला. पहिल्याचे उत्तर पंधरा-सोळा महिने असे काढता येत होते; दुसऱ्याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

आता दांपत्याने समुपदेशक बाईंचे तीन स्तंभ एका वहीत उतरवले आहेत आणि दरवर्षी मे महिन्यात, निर्देशांक ठरण्याच्या सुमारास, त्यात नवी ओळ भरायची असे ठरवले आहे. स्थिर दराचा प्रस्ताव ६ टक्क्यांवर आला आणि खर्च दोन वर्षांच्या आत भरून निघत असला, तर अधिक न थांबता कर्ज बदलायचे, ही अट त्यांनी त्याच पानावर लिहून ठेवली आहे.